चाळणी वेगळी ठेव

मिरज

प्रिय बाळा,
जय ख्रिस्त.

तुझं पत्र आणि तुझ्या शाळूच्या मफिनच्या पाकिटाचा नमुना, दोन्ही मिळालं. कागद छान आहे, छपाई सुबक आहे. पण पुढच्या बाजूची अर्ध्याहून जास्त जागा बायबलच्या वचनाने घेतली आहे, आणि आत काय काय घातलंय ते मागे, तेही भिंगातून वाचावं इतक्या बारीक अक्षरांत. हे उलट कर. वचन नकोच असं माझं म्हणणं नाही. पण ज्याची तब्येत तुझ्या मफिनवर अवलंबून आहे, त्याला पीठ कशाचं, ते कुठे दळलं आणि त्या स्वयंपाकघरात मैदा येतो की नाही, हे आधी कळायला हवं.

धाकटीला सिलियाक, म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लूटेन नावाच्या चिकट प्रथिनाने आतडं बिघडवणारा आजार, निघाल्यापासून तुम्ही घरात किती सांभाळता ते मला ठाऊक आहे. तरी घरचं माणूस वेगळं आणि गिऱ्हाईक वेगळं. धाकटीचं पोट दुखलं तर ती रात्रीच तुला उठवेल. गिऱ्हाईक काही सांगायला येणार नाही. शिवाय प्रत्येक वेळी पोट दुखतंच असंही नाही. वरून काही कळत नाही आणि आत आतड्याच्या अस्तराचं नुकसान चालू राहतं, अंगात लोह मुरत नाही, लहान मुलाची उंची अडते. म्हणून म्हणते, चव नंतर. आधी शिस्त.

सुरुवात गिरणीपासून. गिरणीवाला सांगेल, 'ज्वारीची चक्की वेगळी आहे.' असेलही. पण खालचा डबा, सुपली, पीठ झटकायचा कुंचा आणि सगळ्या गिरणीत उडणारी भुकटी एकच असते. तू घरघंटी घे. नवीनच घे, कोणाच्या घरची गहू दळलेली स्वस्तात मिळाली तरी नको. आणि तिच्यात गहू कधीच जाता कामा नये, आईने 'आजच्या दिवस' म्हटलं तरी. शाळू पोत्यातून थेट दळू नकोस. ताटात पसरून निवड. शाळूचा दाणा गोल, गव्हाचा लांबट आणि पोटावर चीर असलेला, त्यामुळे नजरेला लगेच येतो. बाजारच्या शाळूत असे दाणे सापडतातच. चाळणी, लाटणं, मिक्सरचं भांडं, साचे सगळं वेगळं, आणि त्यावर रंगाची खूण. चाळणीचं विशेष सांगते, कारण तिच्या जाळीत अडकलेला मैदा कितीही धुतला तरी पुरता निघत नाही.

आता फसवणाऱ्या गोष्टी. आपल्या भागात खपलीचं फार कौतुक आहे, आणि ते योग्यही आहे, पोळी सुरेख होते. पण खपली हा गहूच आहे. 'खपली चालते' असं कोणी दुकानात सांगितलं तरी सिलियाकच्या माणसाला ती चालत नाही. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, तेव्हा तिखटमिठाचे मफिन करशील तर डबीवरचं वाचल्याशिवाय हिंग घालू नकोस. ओट्स मुळात वेगळं धान्य, पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाबरोबर फिरतं. पाकिटावर ग्लूटेनमुक्त असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घे. तसं लिहिण्यासाठी आपल्याकडचा नियम किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असा आहे. तू ते शब्द छापणार असशील तर मालाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घे. तोवर नुसतं 'शाळूचे मफिन, गहू-मैदा नाही' इतकंच लिही आणि विचारणाऱ्याला तपासणी झालेली नाही हेही सांग.

तू लिहिलंयस की यहेज्केलाच्या चौथ्या अध्यायातली भाकर 'बायबलची आरोग्यदायी न्याहारी' म्हणून विकायला काढावी. तो अध्याय पुन्हा नीट वाच. त्या यादीत पहिलंच नाव गव्हाचं, दुसरं जवाचं. आणि ते जेवण आरोग्यासाठी सांगितलेलं नाहीच. यरुशलेमेला वेढा पडणार, माणसांना धान्य तोलून आणि पाणी मापून खावं-प्यावं लागणार, त्याची ती खूण होती. दिवसाला वीस शेकेल वजनाची भाकर, बस्स. टंचाईतलं अन्न पौष्टिक म्हणून विकायचं हे मला पटत नाही. येशूने पाच हजारांना जेवू घातलं तेव्हाच्या त्या मुलाच्या पाच भाकरीही जवाच्याच होत्या. धाकटी त्या गर्दीत असती तर तिला नुसत्या माशांवर भागवावं लागलं असतं!

न्याहारीसाठी शास्त्रातलं काही हवंच असेल तर योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय घे. शिष्य रात्रभर जाळं टाकून थकलेले, आणि प्रभू किनाऱ्यावर निखारे पेटवून मासे-भाकर तयार ठेवतो. आधी त्यांना जेवू घालतो. त्यांच्यातल्या पेत्राला विचारायचं ते त्यांचं खाणं झाल्यावर विचारतो. हा क्रम मला फार आवडतो. तुझ्या पाकिटाबद्दल मी जे म्हणते त्याचं मूळही तिथेच आहे.

आता मफिन. तुझे भुसभुशीत होऊन हातात मोडतात, कारण शाळूत चिकटपणा नाही. मग त्यावर उपाय म्हणून तू कॉर्नफ्लोअर आणि साखर वाढवत गेलास. तसं करू नकोस, बाजारात ग्लूटेनमुक्त म्हणून विकलं जाणारं बरंच काही नुसतं स्टार्च आणि साखर असतं, त्याला न्याहारी म्हणवत नाही. भाकरीला काढतो तशी उकड काढ. दीडशे ग्रॅम शाळूच्या पिठातलं पन्नास ग्रॅम घे, शंभर मिली उकळतं पाणी ओत, घोटून झाकून ठेव. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच पुढे धरून ठेवतो. दोन पिकली केळी, शंभर ग्रॅम चिरलेला गूळ, दोन अंडी, साठ मिली तेल आणि तेवढंच ताक एकत्र फेट. कोमट झालेली उकड त्यात मोड. गाठी राहिल्या तर मिक्सरमधून एकदाच फिरव. मग उरलेलं शाळूचं पीठ, पन्नास ग्रॅम तांदळाचं पीठ आणि एक मोठा चमचा इसबगोल घाल.

इथे थांब. वीस मिनिटं हात लावू नकोस. पीठ पाणी पितं, इसबगोल फुगतो, आणि दाताखाली येणारी कचकच जाते. सोडा आणि बेकिंग पावडर या थांबण्यानंतरच घालायची, पाव चमचा सोडा, दीड लहान चमचा पावडर, नाहीतर त्यांचा जोर वाट बघण्यातच संपतो. १८० अंशांवर बावीस ते पंचवीस मिनिटं. बाहेर काढल्यावर पूर्ण निवू दे. गरम असताना मोडलास तर आतून चिकट लागेल आणि तुला वाटेल कच्चा राहिला. पन्नास ग्रॅम शाळूऐवजी नाचणी चालेल. बाजरीचं पीठ मात्र साठवू नकोस, त्यातल्या स्निग्धामुळे ते लवकर कडू होतं.

लोक तुझ्याकडे येऊन विचारतील, 'मी गहू सोडू का?' तू डॉक्टर नाहीस. त्यांना सांग, आधी रक्ताची तपासणी करा आणि ती होईपर्यंत पोळी चालू ठेवा, कारण आधीच सोडली तर तपासणीत आजार दिसेलच असं नाही. 'प्रार्थनेने आणि आमच्या मफिनने बरे व्हाल' असलं काही तुझ्या तोंडून, किंवा तुझ्यासाठी विकणाऱ्या कोणाच्या तोंडून जाता कामा नये. मी उभा जन्म दवाखान्याच्या स्वयंपाकघरात पथ्याची ताटं लावली. या गावात डॉ. वॉन्लेसांनी १८९४ साली मिशनचा दवाखाना काढला, आणि लोक लांबून इथे आले ते शस्त्रक्रिया नीट होते म्हणून. डॉक्टर प्रार्थना करतो म्हणून हात धुवायचं सोडत नाही. आणि ज्यांना गहू सोसतो त्यांच्यापुढे गव्हाला विष म्हणू नकोस. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, हे पौलाने रोमकरांना लिहून ठेवलंय.

प्रभुभोजनाचंही, म्हणजे मंडळीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचंही, विचारलं आहेस. तुमच्या मंडळीत पाळकांशी बोल. धाकटीसाठी तू वेगळी भाकर भाजून वेगळ्या ताटलीत ठेवलीस तर बहुतेक अडचण येणार नाही, फक्त वाटणाऱ्याने गव्हाच्या भाकरीचा हात त्या भाकरीला लावू नये. तुझ्या कॅथलिक मित्राच्या घरी मात्र शाळूची भाकर घेऊन जाऊ नकोस. त्यांच्याकडे ती गव्हाचीच लागते. अगदी कमी ग्लूटेनची चालते, पूर्ण ग्लूटेनमुक्त चालत नाही, हे रोमने २०१७ च्या पत्रातही पुन्हा सांगितलं आहे. ज्याला तेवढंही सोसत नाही तो नुसत्या द्राक्षारसातून सहभाग घेऊ शकतो, पण त्यासाठी प्याला वेगळा हवा, कारण मुख्य प्याल्यात भाकरीचा तुकडा टाकलेला असतो. हे त्याने फादरांना आधी जाऊन सांगायचं, रांगेत उभं राहून नाही.

दर ठरवताना घरघंटीची वीज आणि निवडण्याचा वेळ धर. गरिबाला द्यायचे ते तसेच दे, पण सगळ्यांसाठी स्वस्त करून तोट्यात जाऊ नकोस, नाहीतर दिवाळीपर्यंत दुकान बंद होईल आणि ज्यांना तू सवय लावलीस ते पुन्हा उघडे पडतील. तासगावचे बेदाणे येत्या आठवड्यात पाठवते. ते धुऊन, फडक्यावर कोरडे करून, थोड्या तांदळाच्या पिठात घोळवून घाल, म्हणजे तळाशी बसणार नाहीत. पाकिटाचा नवा नमुना छापायला देण्याआधी मला दाखव.

तुझी,
मिरजेची मावशी