कुरळे केस आहेत आणि रोज धावणं-पोहणं होतं. शॅम्पूही रोज करावा का?

रोज नको. वळणांमुळे टाळूचं तेल कुरळ्या केसांच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून ते मुळातच कोरडे. त्यात रोज फेस केला की आहे तेही तेल जातं. धावून आल्यावरचा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. बोटांनी टाळू चोळत साध्या पाण्याने धुवा, टोकांना कंडिशनर लावा, झालं. शॅम्पू आठवड्यातून दोनदा पुरे. टाळू चिकट होत असेल तर मात्र वाढवा.

पोहण्याचं तसं नाही. तलावात उतरण्याआधी नळाखाली केस चिंब भिजवा. आधीच भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतो. वर थोडं खोबरेल (ते केसाच्या आत शिरतं, बरीच तेलं नुसती वर बसतात) आणि मग टोपी. टोपीने केस कोरडे राहतील ही आशा सोडा. दाट कुरळ्या केसांवर नेहमीची टोपी बसतही नाही. अशा केसांसाठी केलेली मोठी 'सोल कॅप' जागतिक जलतरण महासंघाने २०२१च्या टोकियो ऑलिंपिकआधी नाकारली होती. मान्यता दिली ती २०२२ मध्ये! बाहेर आल्यावर लगेच धुवा. अधूनमधून ईडीटीए (क्षारांना धरून ठेवणारं रसायन) असलेला शॅम्पू वापरलात तर साचलेले क्षार निघतात.

गुंता सोडवायचा तो कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतच, मोठ्या दातांच्या फणीने, टोकाकडून वर. आणि व्यायामासाठी रोज घट्ट अंबाडा नको, कपाळाजवळचे केस त्याने विरळ होतात. सैल वेणी घाला.