दही-मसाल्यात मुरवलेले चिकन विंग्ज एअर फ्रायरमध्ये किती वेळ ठेवायचे? माझे बाहेरून ओलसरच राहतात.

१८० अंशांवर १८ ते २० मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा आणि शेवटची ३-४ मिनिटं २०० अंशांवर करा. ओलसर राहतात ते दह्याच्या पाण्यामुळे. ते पाणी उडाल्याशिवाय कातडीला रंग चढत नाही, तोवर विंग्ज नुसते वाफवले जातात. म्हणून बास्केटमध्ये टाकण्याआधी प्रत्येक तुकडा बोटांनी निपटून जास्तीचा मसाला भांड्यातच सोडा, वरून थोडं तेल लावा आणि एकच थर लावा. एकावर एक रचलेत तर कितीही वेळ ठेवा, कुरकुरीत होणार नाहीत. मी घरी नेहमी असेच करते. दही घरी टांगून घेतलं तर आणखी छान.

मसाल्यात मध किंवा साखर असेल तर ती शेवटच्या ३ मिनिटांतच लावा, आधी लावली की करपते. आपल्याकडे दुकानदार बहुतेक वेळा कातडी काढूनच देतो. तसे विंग्ज असतील तर १४-१५ मिनिटांनीच बघायला लागा, नाहीतर चिवट होतात. हाडाजवळ टोचल्यावर मांस सुटून आलं पाहिजे. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश हवेतच.