‘मूत्राशयाचा पेसमेकर’ भावाला चालेल का?

ताई, तुमच्या भावाला डी ८ ला (पाठीच्या मधल्या भागात) मज्जारज्जूची पूर्ण इजा आहे, कमरेखाली काहीच कळत नाही, कॅथेटर घालूनच लघवी काढावी लागते. अशात कोणी सुचवलेला ‘मूत्राशयाचा पेसमेकर’ बसवावा का, असं तुम्ही विचारलंय.

या नावाने लोक दोन वेगळ्याच यंत्रांबद्दल बोलतात. पहिलं इंटरस्टिमसारखं. माकडहाडाच्या वर एस ३ नसेजवळ (मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकातून निघणाऱ्या नसांपैकी एक) तार आणि कुल्ल्यात कातडीखाली बॅटरी. अमेरिकेत १९९७ पासून याला मान्यता आहे. पण ते लघवी करवत नाही. मूत्राशय आणि मेंदूमधली बिघडलेली बोलणी सुधारतं. भावाच्या बाबतीत ती वाटच तुटलीय, त्यामुळे यातून फार आशा धरू नका.

दुसरं ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं, लंडनमध्ये १९७० च्या दशकात तयार झालेलं. ते खास पूर्ण इजेसाठीच. एस २ ते एस ४ नसांच्या पुढच्या मुळांवर इलेक्ट्रोड बसतात. शरीरात बॅटरी नसते, बाहेरून ट्रान्समीटर कातडीवर धरायचा. गंमत अशी की विजेने मूत्राशय आणि खालचा झडपेचा स्नायू दोन्ही एकदम आवळतात. म्हणून काही सेकंद वीज, मग विश्रांती. झडप पटकन सैल पडते, मूत्राशय मात्र सावकाश, त्या फटीत लघवी सुटते. मला तर ही युक्ती यंत्रापेक्षाही भारी वाटते.

पण त्यासोबत सहसा याच नसांची मागची, संवेदना वाहणारी मुळं कापतात. त्याने आपोआप होणारी गळती थांबते आणि मूत्राशयात जास्त लघवी मावते. मात्र उरलीसुरली संवेदना आणि लिंगाला आपसूक येणारी ताठरता कायमची जाते. भाऊ तरुण असेल तर हे त्याच्याशी स्पष्ट बोला, त्याच्या पाठीमागे ठरवू नका.

आणि मूत्राशयाच्या नसाच मेल्या असतील (कॉडा इक्वायना म्हणजे मज्जारज्जूखालच्या नसांच्या जुडग्याला इजा झाली की असं होतं), तर हे यंत्रही निरुपयोगी. म्हणून आधी यूरोडायनॅमिक तपासणी करा. मूत्राशय स्वतःहून आवळतं का आणि आतला दाब किती चढतो, हे त्यातून कळेल. दाब चढा राहिला तर किडनीला धोका असतो, आणि त्यावर उपाय या यंत्राआधी हवा.

तोवर कॅथेटरला कमी लेखू नका. १९७२ मध्ये लॅपिडीस या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांनी दाखवलं की घरी स्वच्छ हातांनी, वेळेवर घातलेला कॅथेटर पुरतो. निर्जंतुक हातमोज्यांचा सोहळा लागत नाही. मूत्राशय तुंबू न देणं महत्त्वाचं. भाऊ स्वतः घालतो की तुम्ही? हात चांगले असतील तर त्यालाच शिकवा.