श्रद्धांजली, मॉक ड्रिल आणि घाबरलेली मुलं

"मॅडम, 26 नोव्हेंबरला सोसायटीत श्रद्धांजली ठेवलीये आणि त्याच संध्याकाळी फायर ड्रिल पण आहे. मुलीला खाली नेऊ की घरातच ठेवू?"

ठाण्यात कोलशेतला राहणाऱ्या एका आईचा हा प्रश्न, पण पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर थोड्याफार फरकाने हेच समुपदेशक म्हणून मला कितीतरी पालकांनी विचारलंय, म्हणून त्या आईची परवानगी घेऊन लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी चौथीत. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली गेली, त्यात डोंबिवलीचे तिघं होते, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, आपल्यासारखेच सुट्टीत फिरायला गेलेले, आणि हे पोरांना लगेच कळतं. ही पण मामाकडे सांगलीला जाणार होती, तिने बॅग भरायलाच नकार दिला. मग 7 मे ला देशभर हवाई हल्ल्याचं मॉक ड्रिल झालं आणि पुढचे काही दिवस टीव्हीवर बातम्यांच्या मागे त्यातला धोक्याचा भोंगा सारखा वाजत होता. 10 मे ला सरकारला चॅनेलवाल्यांना सांगावं लागलं की कार्यक्रमात हा सायरन वापरू नका, पण तोपर्यंत पोरांच्या डोक्यात तो बसला होता.

गणपतीनंतर ते माझ्याकडे आले तेव्हा मुलीचे बाबा फोर्टला ऑफिसला गेले की ती दिवसभर फोन करायची, लोकलमध्ये बसलात का, कुठलं स्टेशन आलं, आणि उशाशी एक बॅग ठेवायची. मी ती बॅग तिला उघडून दाखवायला सांगितली. टॉर्च, पार्लेचा पुडा, ओआरएस, सगळ्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स, आजोबांच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी (त्यातल्या दोन गोळ्या संपल्या म्हणून ती आदल्या दिवशी रडली होती) आणि एक शिट्टी. रोज रात्री सगळं बाहेर काढून परत भरायची.

आईला वाटत होतं बॅग काढून घ्यावी, मी नाही म्हटलं. बॅगेत चूक काहीच नव्हती, एवढी नीट तयारी बऱ्याच मोठ्या माणसांच्या घरात नसते! त्रास होता तो रोज तपासण्याचा आणि झोप उडण्याचा. तसंच फोनचं, बाबा बोलले की दहा मिनिटं बरं वाटायचं आणि मग परत भीती, म्हणून परत फोन. घरचे दरवेळी "काही नाही होणार गं" म्हणायचे, पण मूल बातम्या बघतंय, त्याला माहितीये की होतं. त्यापेक्षा खरं सांगा, असं फार क्वचित होतं आणि झालंच तर आपण काय करायचं हे आपलं ठरलंय. आणि ते खरंच ठरवा.

यांच्या घरात काहीच ठरलेलं नव्हतं. गाड्या बंद पडल्या तर बाबा काय करणार? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, फोन लागत नव्हते, लोक ऑफिसातच झोपले, रुळावरून चालत आले, हे आईबाबा दोघांनी अनुभवलेलं तरी प्लॅन काही नाही. मग ठरलं, गाड्या बंद झाल्या तर बाबांनी निघायची घाई करायची नाही, दादरला आत्याकडे थांबायचं, आणि फोन नाही लागला तर मेसेज टाकायचा. नंबर कागदावर लिहून बॅगेत. बॅग उशाशी नाही, दाराजवळच्या शू रॅकवर, आणि तपासायची महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांबरोबर. सीएसएमटीला गाडीत बसल्यावर एक मेसेज, ठाण्याला उतरल्यावर एक, मधे फोन नाही. पहिले काही दिवस जड गेले, आईलाच जास्त, कारण ती पण सारखी बातम्या बघत बसायची आणि मुलगी तिचा चेहरा बघायची.

यात आजोबांची खूप मदत झाली. 1971 च्या युद्धात ते शाळेत होते, ब्लॅकआउट असायचा, खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. त्यांनी तिला सांगितलं की खालीवर होणारा भोंगा म्हणजे धोका आणि एकसुरी सलग वाजला की धोका टळला. तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं, तिच्यासाठी भोंगा म्हणजे नुसता धोका.

आता 26 नोव्हेंबर. मी त्या आईला म्हटलं न्या, पण कमिटीला सांगून दोन्ही कार्यक्रम वेगळे करा. मेलेल्या माणसांचे फोटो आणि पाठोपाठ अलार्म, मुलांच्या मनात दोन्ही एकमेकांना चिकटतात. ड्रिल आधीच्या रविवारी सकाळी ठेवा आणि मुलांना आधी सांगून ठेवा. मुलांना न सांगता अचानक केलेलं ड्रिल मला अजिबात पटत नाही. आणि श्रद्धांजलीला प्रोजेक्टरवर हल्ल्याच्या क्लिप लावू नका, प्लीज. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यात 166 लोक गेले, त्यांची आठवण क्लिपशिवाय नीट काढता येते. कसाबला पकडताना जीव दिलेल्या पोलीस तुकाराम ओंबळेंबद्दल सांगा, सीएसएमटीचे अनाउन्सर विष्णू झेंडे यांच्याबद्दल सांगा, गोळीबार चालू असताना ते केबिनमधून लोकांना कुठून बाहेर पडायचं ते माइकवर सांगत राहिले आणि कितीतरी जण वाचले. बाबांनी मुलीला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "त्यांना भीती नाही वाटली?" बाबा म्हणाले वाटली असेल की, तरी बोलत राहिले.

कमिटीने ऐकलं. ड्रिलमध्ये तिला माइक हवा होता, तो सेक्रेटरी काकांनी सोडला नाही, पण बी विंगच्या मुलांची यादी तिच्या हातात दिली. लिफ्ट बंद, सगळे जिन्याने खाली, गेटजवळ जमायचं, ती एकेकाच्या नावावर टिक करतेय आणि एक मुलगा सापडेना तर त्याच्या आईला गाठून विचारून आली, तो क्लासला गेलेला. त्याच्यापुढे तिने 'क्लास' असं लिहिलं. श्रद्धांजलीला ती आजोबांबरोबर अर्धा तास थांबली, मेणबत्ती लावली, थोडी रडली. रडू द्या, तिथे सगळेच रडत होते.

भीती महिनाभरात कमी होत नसेल, झोप, शाळा, खाणं बिघडलं असेल, मूल परत अंथरूण ओलं करायला लागलं असेल तर वाट बघू नका, समुपदेशकाकडे जा किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. या घरात चार महिने वाट बघितली गेली, त्यामुळे वेळ जास्त लागतोय. मेसेज आता ठाण्याला उतरल्यावरचा एकच राहिलाय. एकटी मात्र ती अजून झोपत नाही, त्यावर आमचं काम चालू आहे.