फ्रेमिंग बिघडलं की आधी भिंतीचे थर बघा

चीफ आर्किटेक्ट या घराचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकन पद्धतीचं लाकडी घर काढताना भिंत पायाच्या बाहेर लोंबकळताना दिसली, तर एकेक स्टड (भिंतीतला उभा लाकडी खांब) हाताने सरकवत बसू नका. फ्रेमिंग (लाकडी सांगाडा) पुन्हा बिल्ड केलं की ती सगळी मेहनत वाया जाते, आणि फार वाईट वाटतं. आधी वॉल टाइप, म्हणजे भिंतीच्या थरांची यादी, उघडा. मेन लेयर (मुख्य थर) स्टडचाच आहे ना? पायाची भिंत त्याच लेयरशी जुळते. जिप्सम बोर्ड आतल्या बाजूला, शीथिंग (स्टडवर ठोकलेले लाकडी तक्ते) आणि सायडिंग (सगळ्यात बाहेरचं आवरण) बाहेर. मापं प्रत्यक्षातली द्या: टू बाय सिक्स नावाचं लाकूड म्हणजे प्रत्यक्षात १.५ × ५.५ इंच. मग सेक्शन (उभा छेद) काढा. पायावर सिल प्लेट (आडवी लाकडी पट्टी), त्यावर रिम जॉइस्ट (मजल्याच्या कडेची तुळई), वर सबफ्लोअर (फरशीखालचा लाकडी थर). सायडिंग पायावर थोडं खाली उतरलेलं दिसेल. ते तसंच राहू द्या, त्यामुळे पाणी आत शिरत नाही.