जुन्या गाडीची ऑइल गळती: आधी वरून बघा

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी २००६ सालची आहे. हल्ली रात्रभर उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्स जोडले जातात त्याच्या बरोबर खाली काळपट तेलाचे ठिपके पडतात. मेकॅनिक म्हणतात, क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. एवढं मोठं काम काढू का? की गळती थांबवणारं लिक्विड ऑइलमध्ये टाकून चालवत राहू?

उत्तर : गिअरबॉक्स इतक्यात उतरवू देऊ नका. सील गेलंही असेल, पण नुसत्या ठिपक्यांवरून तसं ठरवता येत नाही. तेल वर कुठेतरी निघतं, ब्लॉकवरून ओघळतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं आणि सगळ्यांत खालच्या कडेला येऊन टपकतं. ती कडा पुष्कळदा गिअरबॉक्सच्या जोडापाशीच असते. म्हणून सीलवर आळ येतो, आणि खरं दुखणं असतं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमध्ये.

हे पॅकिंग रबराचं. वर्षानुवर्षं इंजिनची धग सोसून ते कडक होतं. जुनं काढून वाकवलं तर वाळक्या काडीसारखं कडकन मोडतं. कव्हरची मागची बाजू बॉनेट उघडूनही सहसा दिसत नाही. तिथे टॉर्च आणि छोटा आरसा धरून बघा. पुढचा भाग कोरडा आणि मागची कड ओली, चिकट, धूळ बसलेली असं दिसलं, तर तुमचा संशय आधी तिथेच जायला हवा.

खात्री करायची रीत सोपी आहे, फक्त घाई नको. इंजिन गार असताना अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर प्लॅस्टिकने झाका. डिग्रीझर आणि ब्रशने इंजिन वरपासून खालपर्यंत स्वच्छ करा, पूर्ण वाळू द्या. संशयाच्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. मग अर्धा तास गाडी चालवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथे सगळ्यांत वर भिजली असेल, गळती तिथली. खालचे ओले भाग त्या वेळी विसरून जा. बघता बघता ऑइल फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशरचा स्विच आणि चेंबरचा (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचा) ड्रेन प्लगही तपासा. प्लगचा वॉशर प्रत्येक ऑइल चेंजला नवा हवा, आणि नेमका तोच बदलायचा राहतो.

आता ज्याकडे फार कमी लोक बघतात ते : ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आत साठणारा वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह. तो तुंबला की क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीत, दाब साठतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. सील नवं बसवलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गळायला लागलं, अशा तक्रारीत मी आधी ब्रीदर बघते. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून काढा, तोंडावर पातळ कागद धरा, हातातून सोडू नका. कागद हलकासा आत ओढला गेला तर ठीक. सतत वर उडत असेल, धूर फेकत असेल, तर व्हॉल्व्ह आणि पाइप साफ करा किंवा बदला. त्यानंतरही दाब राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्यावी लागेल.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलताना दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून कोरडे करा. सिलिकॉन सगळीकडे फासू देऊ नका. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कोपऱ्यांवर थेंबभर पुरतं. जादा सिलिकॉन आत तुटून पडतं, चेंबरच्या जाळीत अडकतं आणि इंजिनला होणारा ऑइलचा पुरवठा तोडतं. अशा हलगर्जीपणाने चांगली इंजिनं वाया जातात, याचा मला खरोखर राग येतो. बोल्टही बेताने, टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) आवळायचे. जास्त आवळले की कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंगही गळतं.

लिक्विडबद्दल : ते रबर फुगवतं, त्यामुळे किरकोळ पाझर काही काळ थांबतो. मोडलेलं पॅकिंग ते जोडत नाही. मी वापरायला सांगणार नाही.

वरचं सगळं कोरडं निघालं आणि तेल बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, आतूनच येतंय असं दिसलं, तर मेकॅनिकचं म्हणणं बरोबर. मग गिअरबॉक्स उतरवाच, आणि क्लच प्लेट त्याच वेळी तपासून घ्या, म्हणजे तेच काम पुन्हा काढावं लागणार नाही. तोवर दर आठवड्याला डिपस्टिक बघा. मात्र जळक्या तेलाचा वास आला किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) तेल दिसलं, तर तिथे आग लागू शकते. दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी चालवू नका.