आजींच्या पेटीतलं काहीही ‘नीट’ करू नका

बाकीच्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या आजेसासूबाई मुंकाचच्या, म्हणजे आता युक्रेनमध्ये असलेल्या गावच्या. १९४४च्या मे महिन्यात त्यांना ऑश्वित्झच्या नाझी छळछावणीत नेलं, त्या वाचल्या, पुढे अमेरिकेत आल्या. त्या गेल्यावर एक पेटी निघाली. त्यात हंगेरियनमध्ये टाइप केलेल्या आठवणी, युद्धाआधीचे आणि नंतरच्या निर्वासित छावणीतले फोटो, काही सरकारी कागद आणि नव्वदच्या दशकात कुणीतरी त्यांच्याशी बोलून भरलेल्या कॅसेट आहेत. दिरांचं म्हणणं, सगळं स्कॅन करू, फोटो ॲपवर टाकून स्वच्छ आणि रंगीत करून घेऊ, आठवणींतल्या चुकलेल्या तारखा सुधारून पुस्तक छापू, मग मूळ कागद ठेवायची गरज नाही. सासूबाईंना ते पटत नाही. तुम्हाला विचारायचंय ते असं, की कुणाचं ऐकावं आणि मूळ वस्तू कुठे द्याव्यात.

अमेरिकेतल्या एका अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुने दस्तऐवज जपणाऱ्या संस्थेत, मी बरीच वर्षं कागद आणि ध्वनिफितींवर काम केलंय, त्या जोरावर सांगतो: सासूबाईंचं ऐका. दिरांचा हेतू चांगला आहे, पण त्यांच्या यादीतलं स्कॅनिंग सोडलं तर प्रत्येक काम नुकसान करणारं आहे. पेटी आहे तशी राहू द्या आणि तिच्याबद्दल घरात जे जे माहीत आहे ते वेगळ्या कागदावर लिहून काढा. स्कॅनर महिनाभर उशिरा आला तरी चालेल. सासूबाईंची आठवण मात्र थांबत नाही.

हे का म्हणतो ते वॉर्साच्या उदाहरणावरून कळेल. तिथल्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, इमॅन्युएल रिंगेलब्लम या इतिहासकाराने १९४०पासून एक गुप्त गट चालवला होता, ‘ओनेग शब्बात’ नावाचा. ही मंडळी डायऱ्या, निबंध, भूमिगत वर्तमानपत्रं तर जमवायचीच, पण रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटांचे कागदसुद्धा ठेवायची. ऑगस्ट १९४२मध्ये, घेट्टोतून लोकांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेणं चालू असतानाच, पहिला साठा पत्र्याच्या दहा पेट्यांत भरून नोवोलिपकी रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात पुरला. फेब्रुवारी १९४३मध्ये दुसरा साठा दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये घालून तिथेच पुरला. युद्ध संपलं तेव्हा तो सगळा भाग विटांचा ढिगारा झाला होता, रस्ता कुठे होता तेही कळत नव्हतं. पन्नास-साठ जणांच्या त्या गटातले तिघे वाचले आणि त्यातल्या हर्श वासरला जागा माहीत होती. म्हणून १९४६च्या सप्टेंबरात पत्र्याच्या पेट्या सापडल्या. दुधाचे कॅन डिसेंबर १९५०मध्ये, बांधकामाच्या वेळी, वर आले. तिसराही एक साठा पुरला होता, तो आजपर्यंत हाती लागलेला नाही. पत्र्याच्या पेट्यांत पाणी शिरून कागद भिजले होते, कॅनमधले बऱ्याच चांगल्या स्थितीत होते. असे सुमारे ३५ हजार कागद आज वॉर्साच्या ज्यू ऐतिहासिक संस्थेत आहेत.

यातल्या पाण्याच्या भागाबद्दल सगळेच बोलतात, बरणी-डब्याची चर्चा सोपी असते. मला वासर महत्त्वाचा वाटतो. कागद जमिनीत होतेच, पण ते कुठे आहेत हे सांगणारा माणूस उरला नसता तर? तुमच्या घरात ते काम सासूबाई करू शकतात. एखाद्या फोटोतल्या पाच बायका कोण, हे सांगणारी जगात ती एकच व्यक्ती असण्याची शक्यता मोठी आहे.

तर त्यांच्याजवळ बसा. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि एकेक फोटो दाखवत जा. फोटोला आधी क्रमांक द्या आणि बोलताना तो मोठ्याने म्हणा, म्हणजे नंतर ‘ही डावीकडची’ म्हणजे कुठली असा घोळ होणार नाही. ‘मला वाटतं ती मावशी असावी’ असं त्या म्हणाल्या तर ‘मावशी’ लिहू नका, ‘मावशी असावी असं म्हणाल्या’ असं लिहा. नावं सगळ्या रूपांत लिहा: लग्नाआधीचं, नंतरचं, हिब्रू, घरातलं लाडाचं. गावाचंही तसंच. मुंकाच पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, मग चेकोस्लोव्हाकियात, १९३८पासून पुन्हा हंगेरीत, मग सोव्हिएत संघात, आणि आता मुकाचेवो म्हणून युक्रेनमध्ये आहे. कॅटलॉगमध्ये एकच नाव पडलं की पुढे शोधणाऱ्याला अर्धी माहिती दिसतच नाही.

हे वेड्यासारखं काटेकोरपण वाटत असेल तर डेव्हिड बोडरचं काय झालं ते पाहा. हा शिकागोचा मानसशास्त्रज्ञ १९४६मध्ये वायर रेकॉर्डर घेऊन युरोपात गेला. तेव्हा आवाज पोलादी तारेवर भरत. निर्वासितांच्या छावण्यांत आणि आसऱ्याच्या घरांत जाऊन त्याने शंभरावर लोकांना, ज्याच्या-त्याच्या भाषेत, बोलतं केलं. छळछावणीतून सुटून वर्षभर झालेल्या माणसांचे हे आवाज, इतके जवळचे दुसरे फारसे नाहीत. त्यातलं फ्रान्समधल्या एनोंव्हील इथे भरलेलं गाण्यांचं एक रीळ हरवलं होतं. ते सापडल्याचं २०१७मध्ये जाहीर झालं. कुठे होतं? ॲक्रन विद्यापीठात, बोडरच्याच साहित्यात, फळीवर व्यवस्थित. डब्यावरच्या चिठ्ठीत गावाचं नाव चुकीचं होतं. ते वाजवायला जुनं यंत्र मिळवून दुरुस्त करावं लागलं ते वेगळंच.

आता आठवणींतल्या तारखा. आजींनी एप्रिलमध्ये गाडीत कोंबल्याचं लिहिलंय आणि इतिहासाच्या पुस्तकात मुंकाचच्या गाड्या मे महिन्यात सुटल्या आहेत, म्हणून दीर ते सुधारणार. कृपया करू देऊ नका. मुंकाचचं घेट्टो एप्रिलमध्येच झालं. त्यांच्या मनात घर सुटलं तो दिवस आणि गाडीत चढवलं तो दिवस एक झाले असतील, किंवा नसतीलही. ते शोधणं पुढच्या अभ्यासकाचं काम आहे, आणि तुम्ही खोडरबर फिरवलं तर त्याला शोधायला काही उरणार नाही. ऑश्वित्झच्या रॅम्पवर, म्हणजे गाडीतून उतरवून माणसं निवडायच्या फलाटावर, आपल्याला तिथल्या नाझी डॉक्टर मेंगेलेनेच बाजूला काढलं असं सांगणारेही पुष्कळ आहेत. तो प्रत्येक गाडीला हजर नसायचा हे इतिहासकारांना ठाऊक आहे. तरी कुठलाही शहाणा अर्काइव्हवाला ते वाक्य कापत नाही.

येल विद्यापीठात नाझी छळातून वाचलेल्यांच्या साक्षींचा व्हिडिओ संग्रह आहे, १९७९मध्ये न्यू हेवनच्या काही लोकांनी सुरू केलेला, आता ४,४००हून जास्त साक्षींचा. त्याच्या संस्थापकांपैकी डोरी लाउब हे मनोविकारतज्ज्ञ, स्वतः लहानपणी यातून वाचलेले. त्यांच्यासमोर एका बाईंनी ऑश्वित्झमधल्या ऑक्टोबर १९४४च्या उठावाबद्दल सांगितलं की चार धुराडी स्फोटात उडाली. प्रत्यक्षात एकाच शवदाहगृहाचा नाश झाला होता. इतिहासकार म्हणाले, साक्ष विश्वासार्ह नाही. लाउब यांचं म्हणणं पडलं की जिथे असं काही घडूच शकत नव्हतं तिथे ते घडलं, हे त्या बाई सांगताहेत. मी या वादात पूर्णपणे लाउब यांच्या बाजूचा नाही. चार म्हणजे चार असं पाठ्यपुस्तकात छापून चालणार नाही. पण दोन्ही बाजूंना वाद घालता आला, कारण टेपवर ‘चार’ शाबूत होतं. पुस्तक छापायचंच असेल तर मजकूर जसाच्या तसा ठेवून खाली टीप द्या.

फोटोंना तर हातच लावू नका असं म्हणावंसं वाटतं. ऑगस्ट १९४४मध्ये ऑश्वित्झच्याच बिर्केनाउ भागातल्या शवदाहगृहात राबवल्या जाणाऱ्या कैद्यांनी जीव धोक्यात घालून चार फोटो काढले, आणि ती फिल्म टूथपेस्टच्या ट्यूबमधून बाहेर पाठवली. पुढे कित्येक वर्षं हे फोटो कापून, सरळ करून, चेहरे रेखून छापले जात होते. कापलेला भाग म्हणजे चौकटीचा मोठा काळा पट्टा, नुसता अंधार. पण तो अंधार म्हणजे फोटो काढणारा दाराआड लपून उभा होता याचा पुरावा! तो कापला की फोटो जणू कुणी निवांत उभं राहून काढला असं दिसतं.

आजची ॲपं याच्या पुढे जातात. ती डाग काढत नाहीत, अंदाजाने नवा चेहरा रंगवतात. आजींच्या बहिणीच्या जागी कुणा भलत्याच मुलीचे डोळे येतील आणि नातवंडं तेच खरं मानतील. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले कैद्यांचे खोटे फोटो फेसबुकवर इतके वाढले की २०२५मध्ये ऑश्वित्झच्या संग्रहालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, घडलाच नाही म्हणणाऱ्यांना अशा एका रंगवलेल्या फोटोची भेट पुरते.

स्कॅन करताना काळे-पांढरे फोटोही रंगीत सेटिंगवर, ६०० डीपीआयला, टिफ फाइलमध्ये, कडा दिसतील असे करा. मागची बाजूही हवी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेलं नाव, डिंकाचा डाग, सगळं तिथेच असतं. अल्बममधले फोटो सोडवण्याआधी पूर्ण पानाचा फोटो घ्या, आणि चिकटपट्ट्यांच्या अल्बममधून सहज सुटत नसतील तर तसेच ठेवा. लिहायचं झालंच तर मागे कडेला, मऊ पेन्सिलने, फक्त क्रमांक. गंजलेल्या टाचण्या-क्लिपा काढा. लॅमिनेशन नको, आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको. (सेलोटेपचा शोध लावणाऱ्याबद्दल आमच्या खात्यात काय बोललं जायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.) आम्लरहित फोल्डर आणि खोका आणा, आणि तो राहत्या खोलीच्या कपाटात ठेवा, बेसमेंट किंवा माळ्यावर नाही.

वस्तूंत सगळ्यात घाई कॅसेटची आहे. कागद अजून पन्नास वर्षं थांबेल, चुंबकीय फीत थांबणार नाही, आणि ती वाजवणारी चांगली यंत्रं त्याहून वेगाने संपताहेत. वाचलेल्यांच्या मुलाखती जमवायला स्टीव्हन स्पीलबर्गने १९९४मध्ये सुरू केलेल्या शोआ फाउंडेशनकडे पन्नास हजारांवर साक्षी बीटाकॅम या व्हिडिओ टेपवर होत्या. त्यांनासुद्धा दोन लाखांहून अधिक टेप डिजिटल करून घ्यायचं प्रचंड काम काढावं लागलं, तेही बहुतेक टेप जेमतेम दहा-पंधरा वर्षांच्या असताना. तुम्ही आज इतकंच करा: कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे टॅब तोडा, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही, आणि जुन्या प्लेअरमध्ये ‘बघू तरी’ म्हणून लावू नका. व्यावसायिकाकडून वॅव फाइल करून घ्या, एमपीथ्री फक्त ऐकायला. मधल्या शांतता, खोकला, स्वयंपाकघरातले आवाज काढू नका असं त्याला बजावून सांगा.

आणखी एक. आजी नव्वदच्या दशकात अमेरिकेत होत्या, म्हणजे त्यांनी शोआ फाउंडेशनलाही मुलाखत दिली असू शकते. त्यांचा कॅटलॉग ऑनलाइन आहे, लग्नाआधीच्या नावानेही शोधा. मुलाखतीपूर्वी ते लांबलचक प्रश्नावली भरून घेत, त्यात नातेवाइकांची नावं असतात. निर्वासित छावणीतले कागद जर्मनीतल्या आरोल्सन अर्काइव्हकडे निघण्याची शक्यता चांगली आहे. तिथे सुमारे तीन कोटी दस्तऐवज आहेत आणि कुटुंबीयांना विनामूल्य शोधून देतात. आणि ‘ऑश्वित्झ अल्बम’ सासूबाईंबरोबर जरूर पाहा, त्यांची तयारी असेल तर. १९४४च्या मे महिन्यात आलेल्या, मुख्यतः तुमच्या आजींच्याच प्रदेशातल्या लोकांचे ते फोटो, एसएस या नाझी दलाच्या माणसांनी काढलेले. लिली याकोब या तरुणीला सुटकेच्या वेळी डोरा छावणीत तो अल्बम सापडला आणि त्यात तिला स्वतःची भावंडं दिसली. तो आता जेरुसलेमला याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकसंस्थेत आहे.

मूळ वस्तू कुठे द्यायच्या? तुम्ही अमेरिकेत आहात, तर वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट मेमोरियल म्युझियम हे माझं पहिलं नाव. मेरीलँडमधल्या बोवी इथे २०१७पासून त्यांचं जतनकेंद्र आहे. याद वाशेमही तितकंच योग्य, पण काहीही करा, संग्रह फोडू नका. इस्रायलमधल्या चुलत नातेवाइकांना स्कॅन द्या. फोटो एकीकडे, आठवणी दुसरीकडे असं झालं की दोन्ही अर्धे होतात. याद वाशेमसाठी एक काम मात्र वेगळं करा: जे परतले नाहीत त्यांच्या नावाने साक्षीपत्रं सासूबाईंकडून भरून घ्या. तिथे जवळपास पन्नास लाख नावं गोळा झाली आहेत आणि तुमची माणसं त्यात असतीलच असं नाही.

देणगीपत्रावर सही करण्याआधी घरात एक बैठक घ्या. कागद देणं आणि स्वामित्वहक्क देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अप्रकाशित आठवणींचा हक्क अमेरिकेत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं वारसांकडे असतो, तो स्वतःकडे ठेवूनही कागद देता येतात. कॅसेटवर मुलाखत घेणारा कोण होता तेही शोधा, त्याचाही हक्क असू शकतो. आठवणींत एखाद्या शेजाऱ्याबद्दल किंवा छावणीत बाईमाणसावर गुदरलेल्या प्रसंगाबद्दल काही असेल, तर तेवढा भाग ठरावीक वर्षं बंद ठेवायला सांगता येतं. संस्था ऐकतात. पानं फाडून देऊ नका, एवढंच.

त्यांना पहिली ईमेल लिहिताना वस्तू पाठवू नका. कोण, कुठल्या, किती पानं, किती फोटो, कुठल्या भाषा, पेटी आजवर कुणाकडे होती, असं दहा ओळींत लिहा आणि चार-पाच पानांचे मोबाइलने काढलेले फोटो जोडा. उत्तर यायला वेळ लागतो, घाबरू नका. दरम्यान कॅसेटवर ६०, ९० की १२० मिनिटं छापलंय ते बघून इथे कळवा. १२०च्या फिती फार पातळ असतात, तशा असतील तर कुणाकडे न्यायच्या ते आधी ठरवावं लागेल.